पैजेची अर्धी मिशी

पैज लागली ती न्हाव्याच्याच दुकानात, पाववाल्याच्या गालांना फेस फासलेला असताना. फेसातूनच पाववाला बोलला, की घड्याळजी आता या जन्मी काही तुझ्याशी बोलत नाही. न्हाव्यानं वस्तरा हवेतच थांबवला आणि ठोकून दिलं, की येत्या रविवारी उपासना संपायच्या आत बोलेल. एक शब्द बोलला तरी बास. हरेल त्यानं चर्चच्या दारात, सगळ्यांसमोर, अर्धी मिशी उतरवायची. नंबर लावून बसलेले शेजारी बसल्या जागी पंच झाले. पाववाल्याची मिशी म्हणजे इकडे चार केस, तिकडे चार. त्याचं काय जाणार होतं? न्हाव्याची मात्र दुकानाच्या पाटीपेक्षा लांबून दिसायची.

न्हाव्याच्या खोड्यांतून गल्लीत कुणी सुटलं नव्हतं. पाळकसाहेबांच्या छत्रीत त्यानं एकदा दुकानातले कापलेले केस भरून ठेवले होते. छत्री उघडली, साहेब अस्वल झाले, आणि हसलेसुद्धा. पण एकदा खोडी अंगाशी आली.

घड्याळजी त्याचा लंगोटीयार. चर्चमधला जुना ऑर्गन घड्याळजी वाजवायचा आणि मागे, पडद्याआड, न्हावी भाता मारायचा. भाता हलला तरच सूर निघणार, नाहीतर नुसती लाकडं. घड्याळजीच्या मुलीच्या लग्नात नवरी आत येत होती. घड्याळजीनं खास तिच्यासाठी बसवलेलं गाणं संपत आलं होतं. नेमक्या शेवटच्या लांब सुरावर न्हाव्यानं गंमत म्हणून हात थांबवला. ऑर्गन म्हशीसारखा हंबरला आणि गपगार झाला. लोक पोट धरधरून हसले. नवरी रडली. घड्याळजीनं झाकण लावलं, कुलूप घातलं, आणि त्या दिवसापासून ऑर्गनही बंद आणि बोलणंही.

न्हाव्यानं समेटाचा प्रयत्न केला नाही असं नाही. आत यंत्राऐवजी शेंगदाणे भरलेलं घड्याळ दुरुस्तीला पाठवलं. ते शेंगदाण्यांसकट परत आलं.

त्याला खरा सल होता तो वेगळाच. प्रभुभोजनाची भाकर मेजावरून वाटायच्या आधी पाळकसाहेब दर वेळी सांगायचे, की भावाशी बिनसलं असेल तर आधी ते मिटवा, मग मेजाशी या. बाकीचे ऐकून न ऐकल्यासारखं करून उठायचे. न्हाव्याचा पायच उचलेना. तो बाकावर बसून राहायचा, आणि पुढच्या बाकावर घड्याळजीही. बाकी सगळे भाकर घेऊन परतायचे, आणि हे दोघे एकमेकांच्या नजरा चुकवत उपाशी.

शनिवारी संध्याकाळी बायको भाजी निवडत होती. न्हाव्यानं तिला बेत सांगितला. घड्याळजीच्या बाकाखाली गजराचं घड्याळ लपवायचं. वाजलं की तो दचकून काहीतरी बोलेलच. शब्द तो शब्द.

बायकोनं मान वर केली नाही. "पैज जिंकाल हो. पण मित्राचं काय?"

रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले तेव्हा न्हाव्याला एक कोटीही सुचली नाही, आणि हे नवीनच होतं. "प्रभू, मला सरळ बोलता येत नाही. उद्यापुरतं शिकव," एवढंच म्हणाला. मग उठून गजराचं घड्याळ परत फळीवर ठेवून आला.

रविवारी पाळकसाहेबांचं ते वाक्य झालं आणि न्हावी उठला. मेजाकडे नाही, घड्याळजीकडे गेला. चर्चमध्ये कुजबुज झाली. आता काय काढतोय हा, म्हणून पाववाला बाकावर अर्धा उभा राहिला.

"तुझ्या पोरीच्या दिवशी मी तुझं हसं केलं," न्हावी म्हणाला. "चुकलं माझं. माफ कर."

घड्याळजीनं त्याचे दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले, शाई-बिई लावलीय का म्हणून. काही नव्हतं. मग त्यानं खिशातून किल्ली काढली, ऑर्गनपाशी गेला, झाकण उघडलं, आणि बोटं पट्ट्यांवर ठेवून नुसता बसून राहिला.

न्हाव्याला उमगायला क्षणभर लागला. मग तो धावतच पडद्यामागे गेला.

लग्नातलंच गाणं होतं. शेवटचा लांब सूर आला तेव्हा न्हाव्याचे दंड भरून आले होते, डोळ्यांत घाम की काय ते उतरलं होतं. घड्याळजीनं सूर मुद्दाम लांबवला, आणखी लांबवला. न्हाव्यानं भाता सोडला नाही. मग दोघे बरोबर मेजाशी गेले आणि भाकर घेतली.

बाहेर येताच पंचांनी विचारलं, बोलला का? न्हाव्यानं नकारार्थी मान हलवली. घड्याळजीनं एक अक्षर काढलं नव्हतं. न्हावी पायरीवर खुर्ची मांडून बसला, जिंकल्यासारखा खुशीत. वस्तरा पाववाल्यानं घरून निघतानाच आणला होता, पण हात लावायची हिंमत कुणाची होईना. तेव्हा घड्याळजी पुढे झाला आणि चष्म्यावर भिंग चढवलं. फेसाचा वाडगा पाळकसाहेबांनी धरला होता, आणि छत्री त्यांना चांगलीच आठवत होती.

वस्तरा मिशीला टेकला तशी न्हाव्याला खुदकन हसू फुटलं.

"हलू नकोस, गाढवा," घड्याळजी म्हणाला, आणि त्यानं डावी मिशी मुळापासून उतरवली.