मावशींचे पुसलेले उत्तर

या मित्रांनो, जवळ सरकून बसा. माझा आवाज घरघरतो, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सांगताना आजही माझी फीत थरथरते.

मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्या पाठीवर दोन चिमुकल्या पट्ट्या होत्या. त्या मोडल्या की कॅसेटवर दुसरे काही भरता येत नाही. माझ्या मालकीणबाईंनी त्या कधी मोडल्याच नाहीत.

त्या तत्त्वज्ञान शिकवत. सगळे त्यांना मावशी म्हणत. दर शुक्रवारी वाचनालयात शिंपी, परिचारिका, गवंडी, कोणीही यावे आणि त्यांचे बोलणे ऐकावे. आदल्या दिवशी त्या स्वयंपाकघरात ते बोलणे माझ्यावर भरत, ऐकत आणि "किती पाल्हाळ लावतेस गं" म्हणून स्वतःलाच रागावत. पुढच्या गुरुवारी त्यावरच नवे भरत. टेपचे भरायचे लाल बटण दाबले की माझ्या पोटात गोळा येई. असे शेकडो विचार माझ्यादेखत पुसले गेले. मावशींनी पुस्तक लिहिले नाही. ऐकणाऱ्याच्या मनात उरेल तेवढे पुरे, म्हणत.

मग मावशी देवाघरी गेल्या. माझ्यावर एकच व्याख्यान उरले, भीतीवरचे.

काही वर्षांनी वाचनालयाने विचारवंत स्त्रियांच्या आठवणीसाठी एक सभा ठरवली. मावशींची भाची मला घेऊन आली. अर्धे ऐकून तिने मला थांबवले आणि ती खुर्च्या मांडायला गेली. तेवढ्यात माईकवाले काका आले. त्यांना सभेचे भाषण भरून घ्यायचे होते. पट्ट्या शाबूत, म्हणजे कॅसेट कोरी, असा त्यांचा हिशेब. त्यांनी लाल बटण दाबले.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही हो. मी नुसती फिरत राहिले आणि पुसली जात राहिले.

भाची धावत आली. "काका, थांबवा. त्यात मावशी आहे."

काकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी खिशातला पेचकस काढला आणि माझ्या दोन्ही पट्ट्या मोडल्या.

सभेत मला लावले. मावशींनी विचारले, "भ्यालेल्या माणसाला खरा विचार करता येतो का?" त्यांनी श्वास घेतला, आणि पुढे काका बोलले, "हॅलो, एक, दोन, तीन."

हशा पिकला. भाचीने मान खाली घातली. उत्तर गेले होते.

मग मागच्या रांगेतली एक परिचारिका उठली. म्हणाली, "मला रोज भीती वाटते, म्हणून तर मी औषध दोनदा तपासते." शिंपीदादांना ते पटेना. भीतीने कात्री वाकडी जाते, म्हणाले. वाद असा रंगला की वाचनालय बंद करायला आलेला शिपाईही खुर्ची ओढून बसला.

माझी फीत झिजत चालली आहे. मी अजून भिते. तुमच्या घरातही एखादी आत्या, एखादी आजी असे काही बोलत असेल. ते पुसले जाण्याआधी जपा. आणि कधी तुमच्या पोटात गोळा आला, तर माझ्या मावशींचा तो भीतीचा प्रश्न स्वतःला विचारा आणि त्यांची आठवण काढा.