बारक्याच्या हातातली सुरी

बेकरीत एक नियम होता. गरम ट्रे घेऊन कुणी पाठून आलं की "मागे!" म्हणून ओरडायचं, आणि पुढच्यानं वळून न बघता जागच्या जागी थांबायचं. वळला की कोपर ट्रेला लागायचं, पाव जमिनीवर आणि शिव्या पदरात. मालक असो की झाडूवाला, "मागे" ऐकलं की ज्याचा त्याचा पुतळा व्हायचा.

त्या दुपारी हाच नियम मालकाच्या जिवावर उठला. दारू पिऊन टेम्पो भिंतीवर घातला म्हणून आदल्याच दिवशी हाकललेला ड्रायव्हर सुरी घेऊन मागच्या दाराने आत शिरला. त्याला आधी पाहिलं बारक्यानं. बारक्या म्हणजे भट्टीवाल्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, तिच्या गळ्यातला ताईत. बारक्या जिवाच्या आकांतानं ओरडला, "मालक, मागे!" आणि पीठ मळत असलेला मालक सवयीनं आहे तसाच उभा राहिला. सुरी त्याच्या पाठीत दोनदा घुसली.

भट्टीवाला भट्टीच्या तोंडाशी होता. किंकाळी ऐकून तो वळला आणि तिथून पुढे त्याला काहीच ऐकू आलं नाही. ट्रे कोसळत होते, माणसं ओरडत होती, पण कानांत कुणी मैदा ठासून भरावा तशी शांतता. एवढी मोठी बेकरी, तिच्यात फक्त एक हात उरला आणि हातात सुरी. लांब, ओली, मुठीवर पितळी खिळे असलेली. खिळेसुद्धा त्याने पाहिले. मालक पालथा पडलेला, आणि तो हात त्याच्या पाठीवर खालीवर होत होता. हाताच्या वर चेहराही असतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

पाव काढायचं लांब दांड्याचं लोखंडी फावडं हातात होतंच. त्याने ते दोन्ही हातांनी उचलून घातलं. एकदा कानशिलावर, एकदा मानेवर. हाड मोडलेलं त्याला तळव्यांत कळलं आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा दोन कारागिरांनी त्याला कंबरेत मिठी घातली. मग आवाज परत आला. कुणीतरी रडत सांगत होतं, "अहो, तो बारक्या आहे."

ड्रायव्हर केव्हाच पळाला होता. फावडं बसलं तेव्हा बारक्या आपल्या एप्रनचा बोळा करून मालकाची जखम दाबत होता. "भाऊजी, मी आहे, मी," असं ओरडतही होता म्हणे. सगळ्या बेकरीनं ते ऐकलं होतं.

त्या बोळ्यामुळे मालक वाचला. बारक्या मात्र बेशुद्धच होता. दवाखान्याच्या बाकावर बायकोनं भट्टीवाल्याला विचारलं, "खरं सांगा, काय होतं त्याच्या हातात?"

"सुरी."

"एप्रन होता. सगळे कारागीर सांगताहेत."

"असेल. मला सुरी दिसली."

"माझ्या भावाचं डोकं फोडलंत आणि वर मलाच थापा मारता?"

डोळे मिटून भट्टीवाल्याने कितीदा तरी त्या हातात एप्रन ठेवून पाहिला. पितळी खिळे काही जाईनात. आता सगळी भिस्त बारक्यावर होती. तो उठेल, भाऊजींची चूक झाली म्हणेल, मग कदाचित बायको घरात राहील. तोवर ती नवऱ्याच्या हातचं पाणीही घेत नव्हती.

अखेर बारक्याने डोळे उघडले. जबाब घ्यायला फौजदार आला. दारात भट्टीवाला दिसताच बारक्या भिंतीकडे सरकला.

"दोघं होते," तो म्हणाला. "ड्रायव्हर आणि हे. हे सुरी घेऊन माझ्या अंगावर आले."

"सुरी नव्हे, फावडं होतं," फौजदार म्हणाला.

"सुरीच होती साहेब. तापून लाल झालेली. आणि हे हसत होते."

बायको सावकाश नवऱ्याकडे वळली. "तो खोटं बोलतोय, असं एकदा म्हणा," ती म्हणाली. "मी ऐकेन तुमचं."

एवढंच म्हणायचं होतं. भट्टीवाल्याने पोराच्या डोळ्यांत पाहिलं. तिथली भीती त्याच्या चांगली ओळखीची होती.

"खोटं नाही बोलत," तो म्हणाला. "त्याला तसंच दिसलं असणार."

बायकोनं खुर्ची उचलली, नवरा आणि खाट यांच्या मधोमध ठेवली आणि नवऱ्याकडे पाठ करून बसली.