जांभळ्याचा दिवस

मी सुचित्राच्या कपाटातली जांभळी सुती साडी. माझ्याविषयी आजवर इतरांनीच पुष्कळ सांगितलं. त्यातलं बरंचसं चूक होतं, म्हणून आज स्वतः बोलते आहे.

माझा जन्म इचलकरंजीच्या यंत्रमागावर झाला. सुचित्राने मला दादरच्या दुकानात निवडलं ते रंग आवडला म्हणून, आणि घरी धुता येते म्हणून. याहून खोल कारण नव्हतं. मला नेसून ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवी. फळ्यावरचा खडू माझ्या पदराला लागे.

मग तिचा नवरा सिद्धार्थ महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला आणि लोक माझे अर्थ लावू लागले. प्रचाराच्या पहिल्याच छायाचित्राखाली छापून आलं : ‘वहिनींची हातमागाला साथ.’ मी यंत्रमागाची! पण साडीला खुलासा करता येत नाही, आणि सुचित्राला कुणी विचारलं नाही.

तिला सांगायचं होतं ते वेगळंच. परळच्या बाजारात मासे विकणाऱ्या गंगुबाई दिवसभर पाण्याचा घोटही घेत नसत, कारण तिथे बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. हे जाहीरनाम्यात यावं, असं सुचित्राने सुचवलं.

“बघू,” सिद्धार्थ म्हणाला.

“सणासुदीला मुताऱ्यांचा विषय नको, वहिनी,” प्रचार सांभाळणारे चिंतामणी म्हणाले.

नवरात्र आलं. रोजचा रंग ठरलेला, आणि बँकेपासून मासळीबाजारापर्यंत सगळ्या बायका त्या रंगात. जांभळ्याच्या दिवशी चिंतामणी सकाळीच पिशवी घेऊन दारात हजर. सिद्धार्थच्या पक्षाचा झेंडा पिवळा, विरोधकांचा जांभळा. पंचाईत एवढीच होती.

“आज ही पिवळी रेशमी नेसा. जांभळं दिसलं की समोरच्यांचं फावेल.”

“आणि सगळ्या जांभळ्यात असताना मी एकटी हळकुंडासारखी उभी राहू, चिंतामणीभाऊ?”

ती मलाच नेसली. दुपारपर्यंत फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला : ‘उमेदवाराच्या घरातच बंड!’

संध्याकाळी बाजाराच्या तोंडाशी सभा होती. सिद्धार्थ दबक्या आवाजात म्हणाला, “आजच्या दिवस तरी ऐकायचं होतंस.”

“आजचा दिवसच जांभळा आहे ना!”

तेवढ्यात नम्रता नावाच्या वार्ताहर मुलीने त्याच्यापुढे माइक धरला. “मॅडमनी विरोधकांचा रंग का नेसलाय?”

असे प्रश्न नेहमी त्यालाच विचारले जात आणि तोच उत्तर देई. सुचित्राच्या मुठीत माझ्या निऱ्या आवळल्या गेल्या. सिद्धार्थने तोंड उघडलं, समोरच्या जांभळ्या गर्दीकडे पाहिलं, आणि माइक तिच्याकडे वळवला. “तिचं तिलाच विचारा.”

“आज सगळ्यांनी नेसलाय म्हणून,” सुचित्रा म्हणाली. “साडीतून मला काहीच सांगायचं नाही. जे सांगायचंय ते तोंडाने सांगते.” आणि तिने बाजारातल्या बायकांच्या कोरड्या घशांची गोष्ट सांगितली, वर्गात सांगावी तशी स्पष्ट, कुठेही आवाज न चढवता.

“आता बोललीस गो बाय!” मागून गंगुबाई ओरडल्या. “घरवाल्याला विचार, काय करणार तो?”

“जाहीरनाम्यात घालतो,” सिद्धार्थ म्हणाला.

“घालतोस काय, बांध!”

हशा उसळला. सिद्धार्थही हसला, मग गंभीर झाला. “बांधतो,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशीची बातमी अर्धी माझ्याविषयी होती, अर्धी स्वच्छतागृहाविषयी. अर्धी म्हणजे पुष्कळ झाली. मतदान अजून व्हायचं आहे. कोण निवडून येईल, मला ठाऊक नाही. मात्र आता दोन्ही पक्षांच्या पत्रकांत तो विषय आहे, आणि विरोधकांनी तर आमच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत छापला आहे.

माझ्या पदरावर एक डाग आहे. सभेनंतर गंगुबाईंनी ओल्या हातांनी पदर धरून सुचित्राला जवळ ओढलं होतं, त्याचा. दोनदा धुऊनही मासळीचा वास पुरता गेलेला नाही. शेजारी ती पिवळी रेशमी आहे; तिची घडी अजून मोडलेली नाही आणि माझ्या वासाने ती जराशी अंग चोरून असते.

माझी विनंती एवढीच : मला पाहा, रंगाचं कौतुकही करा, मला आवडतं. पण माझा अर्थ लावण्याआधी माइक जरा वर धरा. तिचं तोंड माझ्या पदराच्या वर आहे.