म्हातारीला उठवताना

मात्र्योनानं हातमोजा काढला आणि बॉनेटवरच्या गोधडीखाली हात सरकवला, तोच पायरीवरून न्यूर्गुन ओरडला.

"आई, हात नको लावूस! कातडी चिकटेल!"

तिनं हात मागे घेतला. कालपर्यंत याच लोखंडावर ती रोज सकाळी तळवा टेकवत होती, तापल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा. आज नुसत्या जवळिकीनंच गारठा बोटांना चावला. सायलेन्सरमधून धूर येत नव्हता. जुनी जीप बर्फात मुकाट उभी होती.

"तू बंद केलीस?"

"सवयीनं, गं." न्यूर्गुन पायरीवरच घुटमळला. "काल दुकानातून आलो, किल्ली फिरवली, खिशात टाकली. शहरात गाडी गरम गॅरेजात असते ना. हाताला कळलंच नाही."

"हाताला!" ती म्हणाली. "तुझ्या हाताला काय कळणार म्हणा."

खरं तर तिला स्वतःचाही राग आला होता. लेक घरी आला म्हणून कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली होती, आणि खिडकीबाहेरची घरघर थांबल्याचं तिला समजलंच नव्हतं.

नदी गोठली की गावात गाड्या सुरू होत आणि बर्फ वितळेपर्यंत कोणी त्या बंद करत नसे, नाहीतर इंजिन गोठून बसे. तिच्या नवऱ्यानं, इनोकेंतीनंही तशीच ही सुरू केली होती. नवं वर्ष लागायच्या आधीच तो गेला. जमीन दगड झालेली. कबर खणायला आधी तिथं शेकोट्या पेटवाव्या लागल्या. त्या शेकोट्या विझल्या, माणसं आपापल्या घरी गेली, पण जीप अंगणात घरघरतच राहिली. मात्र्योना तेव्हापासून तिला रोज पेट्रोल पाजत होती. लोक म्हणाले, कुठं जायचं नाही-यायचं नाही, कशाला जाळतेस? ती किल्ली शेवटची इनोकेंतीच्या बोटांनी फिरवलेली होती, हे लोकांना काय सांगणार? घरातली त्याची सगळी कामं थांबली होती, हे एक चालू होतं.

आणि आता तेही थांबलं.

तिनं मोठा श्वास सोडला. कानाशी बारीक सळसळ झाली, सुपातून धान्य ओतावं तशी. ती दचकली. तोंडातली वाफ हवेतच गोठून, तिचे कण एकमेकांना घासत खाली पडत होते. लहानपणी ती आणि तिच्या मैत्रिणी याला ताऱ्यांची कुजबुज म्हणायच्या. या हिवाळ्यात तिनं ती एकदाही ऐकली नव्हती. इंजिनानं ऐकूच दिली नव्हती.

शेजारचा गाव्रिल कुंपणापाशी आला. त्याच्या पापण्यांवर हिम साचलं होतं.

"वहिनी, तुमच्याकडे एवढं शांत कसं? मला वाटलं, माझेच कान गेले." मग त्यानं जीपकडे पाहिलं, न्यूर्गुनकडे पाहिलं. "अरे वा, शहरातले पाहुणे! आता ही म्हातारी जीप उठते होय वसंताआधी? आणू का कुऱ्हाड, कोंबड्यांचं खुराडं तरी होईल."

न्यूर्गुननं आधी बॅटरी सोडवली आणि तान्ह्या बाळासारखी पोटाशी धरून चुलीजवळ नेऊन ठेवली. कोठारातून बापाचा आग फेकणारा ब्लोलॅम्प काढला, आणि धुराड्याच्या पत्र्याचा तो वाकडा तुकडाही, ज्यातून ज्वाळा इंजिनाच्या पोटाखाली वळवायची असते. त्याला तो कुठं असतो हे आठवत होतं, याचंच मात्र्योनाला नवल वाटलं. खिशात लायटर असून त्यानं चुलीतलीच ढलपी पेटवून घेतली.

रेनडियरचं कातडं बर्फावर अंथरून तो जीपखाली पालथा झाला. लॅम्प फुरफुरू लागला.

"ज्वाळा वाढव की!" गाव्रिल म्हणाला. "अशा मिणमिणत्या आगीनं काय होणार?"

"मोठी केली तर खाली तेल जळेल आणि वर तसंच गोठलेलं राहील, काका."

"मग काय दिवसभर बसायचं?"

"बसायचं." त्यानं पत्रा किंचित वळवला. "बाबा म्हणायचे, म्हातारीला उठवायचं नसतं, उठू द्यायचं असतं."

मात्र्योनानं झटकन मान वळवली. हे वाक्य तिनं आयुष्यभर ऐकलं होतं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कधीच नाही.

न्यूर्गुन कोपरावर उठला, खिशातून सकाळच्या धिरड्याचा लोणी लावलेला तुकडा काढला आणि ओठ हलवत ज्वाळेला दिला. लोणी चरचरलं. पंधरा-सोळा वर्षांचा असताना हाच मुलगा आगीला घास देणाऱ्या बापाला हसला होता, आणि त्यावरून घरात चार दिवस अबोला होता. आता ओठ हलत होते ते अगदी बापासारखे, शब्द ऐकू येऊ न देता. मात्र्योनाच्या अंगावर काटा आला. थंडीचा काटा कसला असतो ते तिला ठाऊक होतं. हा तो नव्हता.

त्यानं पुढून इंजिन फिरवायचं हँडल घातलं आणि जरासा जोर दिला. आतून दात खाल्ल्यासारखा आवाज आला. त्यानं लगेच हात काढला.

"अजून नाही."

पुन्हा आग, पुन्हा वाट पाहणं. मात्र्योना आत जाऊन चहा घेऊन आली. गाव्रिलनं थट्टा सोडून दिली आणि गोधडीचं टोक धरून उभा राहिला, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. एका वेळी हँडल अर्धं फिरलं. मग पूर्ण फिरलं, घट्ट मधात पळी फिरावी तसं. न्यूर्गुननं मनगटानं नाक पुसलं, बॅटरी जोडली आणि आत बसला.

इंजिन खोकलं, आणि गप्प झालं. पुन्हा खोकलं. तिसऱ्या खेपेला ते थरथरलं, अडखळलं आणि चालू राहिलं. सायलेन्सरमधून पांढरा धूर सरळ आभाळाकडे निघाला.

"आयला!" गाव्रिल एवढंच म्हणाला आणि त्यानं टोपी काढली. एवढ्या थंडीत.

"रेस करू नकोस हं," मात्र्योनाच्या तोंडून निघालं.

"नाही गं. आधी हिला श्वास घेऊ दे. तासभर तरी हलवायची नाही."

ती त्या थरथरणाऱ्या जुन्या पत्र्याकडे बघत राहिली. आता ही घरघर इनोकेंतीची नव्हती. तिला वाटलं होतं, हे समजलं की पायाखालची जमीन सरकेल. पण दगड झालेलं लोखंड तिच्या डोळ्यांदेखत जिवंत झालं होतं, आणि तेवढं एकच तिच्या मनात भरून राहिलं होतं.

गाव्रिल घरी गेला. चहा संपला. बॉनेटवर तळवा टेकवता येईल इतकी ऊब आल्यावर मात्र्योनानं दार उघडलं.

"बाहेर ये. आणि बंद कर."

"काय?" न्यूर्गुन बघतच राहिला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? एवढा जीव काढला ती चालू करायला!"

"उद्या तू जाशील. परवा बंद पडली तर मी काय करू, गाव्रिलच्या कुऱ्हाडीची वाट बघू?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांत मी ही किल्ली एकदाही फिरवलेली नाही. गरम आहे तोवर शिकव."

त्यानं आईकडे पाहिलं आणि किल्ली मागं फिरवली.

अंगण निःशब्द झालं. मात्र्योना सीटवर चढून बसली. तिनं सावकाश श्वास सोडला आणि उघड्या दारातून ती सळसळ शेवटपर्यंत ऐकली.

मग तिनं हातमोजा काढला आणि किल्ली धरली.