स्पर्शबंदी

बंगळूरला समुद्र नाही. म्हणून बेळ्ळंदूरच्या एका उंच इमारतीच्या तरणतलावात, रविवारी सकाळी, तो कल्पिण्यात आला होता. काठावरची प्लास्टिकची खुर्ची ही बोट, आणि तीत बसलेली वीणा ही बोटीवरची आई. तिची पंधरा वर्षांची सुखदा मार्चमध्ये श्रीलंकेतल्या तलाईमन्नारहून इकडच्या धनुष्कोडीपर्यंत पोहणार होती, आपल्या वयोगटातला विक्रम मोडण्यासाठी. बोटीवर घरच्यांपैकी एकालाच जागा होती. ती वीणाला मिळणार का, हे आज ठरायचं होतं.

नियम साधा आणि निर्दय: पोहणाऱ्याचा कुणालाही स्पर्श झाला की विक्रम बुडाला. आणि गेल्या सरावात वीणाने पाण्यातल्या लेकीचं नाक पुसलं होतं.

"आज तिला नुसता हात लावलात, तरी बोटीवर तुमचे यजमान," प्रशिक्षक विमलाअक्कांनी बजावलं. त्या बंगळूरच्याच चामराजपेटमधल्या जुन्या मराठी घरातल्या; बोलण्यात मधूनच कन्नड डोकवायचं.

"त्यांना बोट लागते हो! उलसूरच्या तळ्यातसुद्धा ओकले होते."

"मग हात आवरा स्वल्प."

वीणाने डावा हात मांडीखाली दाबला. उजव्या हातातल्या लांब काठीच्या टोकाला जाळी, जाळीत पेजेची बाटली. सुखदा आली, पाण्यातच तरंगत पेज प्यायली. तिचं नाक वाहत होतं. मांडीखाली पंधरा वर्षांची सवय मासळीसारखी तडफडली. पण हात बाहेर आला नाही.

"आई, अशी बघू नकोस ना."

"कशी?"

"पुसल्यासारखी."

ऊन चढलं. पाण्यावर प्रकाशाचे तुकडे विझत-पेटत राहिले. तापलेल्या वीणाने खुर्चीवरून काठावर घसरून नकळत पाय पाण्यात सोडले. तेवढ्यात भिंतीशी वळताना सुखदाची टाच तिच्या नडगीवर आदळली. सुखदा थांबली. ओल्या बोटांनी तिने आईच्या पावलाला स्पर्श केला, हात छातीशी नेला, आणि पुन्हा पोहू लागली.

शिट्टी वाजली.

"काय झालं?" सुखदाने गॉगल वर सारला.

"पाया पडलीस," विमलाअक्का म्हणाल्या.

"पण लाथ लागली ना!"

"मी नाही हं अक्का, मी हललेसुद्धा नाही!" पोलिसांसमोर धरावेत तसे वीणाने दोन्ही हात वर केले.

"लाथेकडे मी एकवेळ कानाडोळा केला असता. नमस्कार कसा लपवू? कुणी शिकवलं हे?"

वीणा आकाशाकडे पाहू लागली.

"सरी, ठीक आहे," विमलाअक्कांनी सुस्कारा सोडला. "बोटीवर तुम्ही पक्क्या. आता पाण्यात कुणाला सोडायचं, ते बघायला हवं."

बोटीवर आई, आणि पाण्यात लेकच नाही: इतकी एकाकी जागा वीणाला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. तिने सलवार गुडघ्यांपर्यंत सारली, आणि दोन्ही पाय मुद्दाम, खोल सोडले.

"ये. लाथ मार, आणि सरळ पुढे जा."

"आई, पाप लागेल."

"लागलं तर मला लागेल. मार म्हणते ना!"

लाथ नेमकी नडगीवर बसली. सुखदाचा हात पाण्याबाहेर आला, वाटेत थबकला, आणि पुढच्या पाण्यात शिरला.

"शाब्बास!" वीणा कळवळून ओरडली. "आता दुसऱ्या पायावर!"