दोन वाट्यांचं गाऱ्हाणं

“काका, नारळ घेऊन कुठे निघालात? वॉर्ड आहे हा, देऊळ नाही!” शुभा सिस्टरने दारातच अडवलं.

“फोडूचो नाय गो बाय, नुसतो धरूचो हा,” धोंडू म्हणाला. “आज नाय तर कधी?”

सिस्टर हसून बाजूला झाली. आज तिलाही कुठे राहवत होतं? औषध आलं होतं! बर्फाच्या पेटीतून, अगदी खरंखुरं!

धोंडू म्हणजे कांदिवलीच्या टेकडीवर पाणी सोडणारा पालिकेचा चावीवाला. पहाटे चावी फिरवता फिरवता त्याने एकाला बातमी सांगितली, आणि ती पाण्याच्या आधी वस्तीत पोचली. सून रुचिराने नातीला, श्रुतिकाला नवा फ्रॉक घातला, तर तोही पोटावर घट्ट. पोरीची प्लीहा सुजत जायची, पोट टम्म फुगायचं आणि हातपाय नुसत्या काड्या. लाखात एखाद्याला होणारा आजार. औषध जन्मभर, दर पंधरा दिवसांनी, आणि किंमत ऐकून माणसाने मटकन खालीच बसावं. सरकारने दुर्मिळ आजारांचं धोरण काढलं, त्यात या आजाराचं नाव आलं. पण नाव आलं म्हणून औषध येतं थोडंच? मंजुरी कुठेतरी अडकून बसली.

ती सोडवली पार्ल्याच्या वसुधाताईंनी. त्यांच्या मुलाला, निहारलाही हाच आजार. बाईंनी दोन वर्षं कचेऱ्या पालथ्या घातल्या, आणि दर खेपेला धोंडूला सोबत नेलं. साहेबाच्या केबिनबाहेर धोंडू नारळ धरून गाऱ्हाणं घालायचा, खास मालवणीत. वसुधाताई आधी लाजून चूर.

“मोठ्यान ‘व्हय म्हाराजा’ म्हणा हो बाय! देवाक आयकाक नको?”

मग त्याही म्हणू लागल्या. बाहेर आल्यावर नारळ फुटायचा. एक वाटी कांदिवलीला श्रुतिकासाठी, एक पार्ल्याला निहारसाठी.

मंजुरी आली तेव्हा निहार जाऊन महिना झाला होता. कळवलं मात्र वसुधाताईंनीच. “धोंडूकाका, मिळालं हो!” फोनवर त्या ओरडल्याच. धोंडूला रस्त्यातच रडू फुटलं. पण आज त्यांना बोलवायची काही त्याची छाती झाली नाही.

“आजोबा, आता माझं पोट जाणार ना?” खाटेवरून श्रुतिका विचारत होती. “मग मी लंगडी खेळणार, सांगून ठेवते!”

“लंगडी काय, कबड्डी खेळ गो!”

सिस्टरने बाटली लटकवली. धोंडूने डोळे मिटून नारळ वर धरला.

“बा देवा म्हाराजा! आज वखद दारात इला हा. वाटेत जी काय आडचण आसात, ती दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” रुचिरा, सिस्टर, शेजारच्या खाटांवरच्या आयासुद्धा ओरडल्या.

“ह्या वखद श्रुतिकाच्या आनि निहाराच्या आंगाक लागू पडांदे रे म्हाराजा!”

दोन वर्षांच्या सवयीने जिभेने घात केला. रुचिराने तोंडावर हात ठेवला. कुणीच साथ दिली नाही. धोंडूने डोळे उघडले, तर दारात वसुधाताई उभ्या. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं.

“व्हय म्हाराजा!”

वसुधाताई म्हणाल्या. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मग आत येऊन त्यांनी श्रुतिकाचा हात हातात घेतला. “सिस्टर, सुरू करा ना.”

नळीत औषधाचा पहिला थेंब पडला आणि वॉर्डात टाळ्या कडाडल्या. श्रुतिकाने स्वतःसुद्धा वाजवल्या असत्या, पण एक हात सुईला अन् दुसरा वसुधाताईंना दिलेला.

दुपारी फाटकाबाहेर नारळ फुटला. धोंडू दोन्ही वाट्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. एक त्याने रुचिराला दिली. दुसरीचं काय करावं ते त्याला सुचेना.

वसुधाताईंनी हात पुढे केला. वाटी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली.

“वड्या करून आणते,” त्या म्हणाल्या. “पुढच्या डोसला.”