ओल्या कोटानं बसू नये

मित्रांनो, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा मी एक जिवंत साक्षीदार आहे. हे मी म्हणत नाही, माझ्यापुढच्या पाटीवर तसं छापलं होतं. खरं सांगायचं तर मी तांबड्या मखमलीचा एक जुना सोफा आहे. इतिहास घडत होता तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो. दार बंद असे.

माझा जन्म इंग्लंडातल्याच एका कारखान्यात झाला. १९६४ साली हडर्सफील्ड गावच्या आयसिल्डा पिनॉक नावाच्या जमैकन बाईनं मला घरी आणलं. तिचा नवरा कथबर्ट बस चालवायचा आणि ती इस्पितळातल्या चादरी धुवायची. आल्या दिवशीच तिनं मला जाड पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण चढवलं. मला वाटलं, नव्या जागी धूळ बसू नये म्हणून असेल, संध्याकाळी काढतील. ती संध्याकाळ अजून व्हायची आहे.

जमैकाहून आलेल्या प्रत्येक घरात तेव्हा अशी एक पुढची खोली असे. काचेचा मासा, रेडिओग्राम, साखरेच्या पाकात बुडवून ताठ केलेले क्रोशाचे रुमाल, भिंतीवर येशूचं शेवटचं भोजन. हे सगळं पाहुण्यांसाठी. पाहुणे बसत स्वयंपाकघरात.

पहिल्या अठ्ठावन्न वर्षांत माझ्यावर तीन माणसं बसली. चर्चचे पास्टर, एक डॉक्टर, आणि एक विमा एजंट, ज्याला नियम कुणी सांगितला नव्हता. खुद्द कथबर्ट रोज सकाळी दार किलकिलं करून मला बघायचा, "बरा आहेस ना?" विचारायचा आणि बूट हातात घेऊन मागच्या दारानं कामावर जायचा. तो वारला त्याला आता बारा वर्षं झाली. बसायचा राहिलाच.

इतिहास मी ऐकला तो भिंतीपलीकडून, भात-राजम्याच्या वासासकट. कुणाला बढती नाकारली, कुणी अर्ज लिहायचा, पोरांसाठी शनिवारची शाळा कुठे भरवायची, पहिल्या कार्निव्हलला ढोल कुणाचे आणायचे, सगळे ठराव तिथेच झाले. आणि एकदा आयसिल्डानं कांदा चिरता चिरता आपली एक गोष्ट सांगितली. ती या देशात नवी होती तेव्हा घरांच्या दारांवर काळ्या माणसांना खोली नाही अशा पाट्या असत. एका बाईनं कशीबशी दिली. पण ती घरमालकीण हिला खुर्चीवर बसू देण्याआधी वर्तमानपत्र पसरायची. हे सांगताना आयसिल्डा रडली की नाही, ते मला भिंतीमुळे कळलं नाही, आणि पलीकडच्यांना कांद्यामुळे.

१९६७ च्या पावसाळी ऑक्टोबरात कथबर्टची धाकटी बहीण युलाली जमैकाहून आली. गिरणीतली पहिलीच पाळी करून ती भिजत घरी आली आणि पहिलं दार दिसलं ते उघडून थेट माझ्याकडे वळली. तिची पाठ माझ्यापासून वीतभर अंतरावर होती.

"अगं अगं अगं! ओल्या कोटानं? मखमल आहे ती!"

"वर प्लॅस्टिक आहे की, आयसी."

"प्लॅस्टिक नवीन आहे!"

युलालीला स्वयंपाकघरात एक स्टूल मिळालं. त्याचा एक पाय आखूड होता. त्यावर ती पंचावन्न वर्षं, दर रविवारी, डुलत डुलत जेवली. पुढे तिचं लग्न झालं, घर झालं, स्वतःचा सोफा झाला, त्यावरही प्लॅस्टिक चढलं. पण नणंदेच्या मनातून ती वीतभर जागा गेली नाही.

"तुझा सोफा कसा आहे? जेवला का?" ती आल्या आल्या विचारायची.

"मजेत आहे. तुझ्यापेक्षा कमी बोलतो."

मग एका ऑक्टोबरात नदीम आला. ऑक्टोबर हा इकडे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, आणि नदीम आमच्या वाचनालयात काम करतो. त्याला प्रदर्शनात एक जुनी जमैकन पुढची खोली मांडायची होती.

"आंटी, यावर कोण कोण बसायचं?" त्यानं वही काढून विचारलं.

चौऱ्याऐंशी वर्षांची आयसिल्डा, जी चर्चमध्ये खोटं बोलणाऱ्यांसाठी नावानिशी प्रार्थना करते, ती म्हणाली, "कोण नाही बसलं ते विचार. तीन पिढ्या बसल्यात. घर कधी रिकामं नसायचं."

"आणि हे प्लॅस्टिक काढू या का?"

"हात लावून बघ."

"नको, नको. आमच्या अम्मीच्या सोफ्यावर अजून आहे. मी बत्तीस वर्षांचा आहे, आंटी. मी सतरंजीवर बसतो."

वाचनालयात माझ्याभोवती जाड दोरी बांधली आणि 'कृपया बसू नये' असा फलक लावला. मला अगदी घरच्यासारखं वाटलं. शेजारी ती पाटी: 'इतिहासाचा जिवंत साक्षीदार. याच्यावर तीन पिढ्या बसल्या, हसल्या, रडल्या.'

उद्घाटनाला गळ्यात पदाची साखळी घालून महापौर आले. चर्चच्या बायका टोप्या घालून आल्या. गल्लीतले सरदारजी समोसे घेऊन आले आणि ते जमैकन पॅटीसच्या शेजारी मांडले. आयसिल्डा दोरीशेजारी उभी राहून अभिनंदनं स्वीकारत होती. एवढ्यात युलाली बसमधून उतरून आली. बाहेर पाऊस होता. कोटातून पाणी गळत होतं. तिनं चष्मा चढवला आणि पाटी मोठ्यानं वाचली.

"'तीन पिढ्या बसल्या.' कुणाच्या गं, आयसी?"

"हळू बोल. महापौर आहेत."

"असू देत, त्यांनाही कळू दे. माझा भाऊ बसला? तुझी पोरं बसली? मी बसले?"

महापौरांनी समोसा उचलला. चर्चच्या बायका छताकडे बघू लागल्या. नदीम पाटीकडे बघत होता, कारण ती एव्हाना छापून आली होती. आयसिल्डाला अजूनही विषय बदलता आला असता. पास्टर तरी बसले होते.

"नाही," ती म्हणाली. "कुणी नाही बसलं. मीसुद्धा नाही."

मग तिनं दोरी वर उचलली. "ये. बस."

युलाली एक पाऊल पुढे आली. फरशीवर थेंब पडले. आयसिल्डाचा हात सवयीनं पिशवीत गेला आणि वर्तमानपत्र घेऊन बाहेर आला. तिनं ते उलगडलंसुद्धा. माझ्यावर पसरायला वाकली, आणि तशीच थांबली. हातातल्या कागदाकडे तिनं असं पाहिलं, की जणू तो दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे. मग तिनं त्याचा चोळामोळा केला आणि पिशवीत कोंबला.

"तशीच बस."

"कोट ओला आहे."

"दिसतंय मला. आंधळी नाही मी."

युलाली बसली. प्लॅस्टिकनं महापौरांसमोर काढू नये असा आवाज काढला. ती घसरायला लागली, तिला धरायला आयसिल्डा पटकन शेजारी बसली, आणि दोघी एकमेकींचा दंड पकडून, बसच्या पुढच्या बाकावर बसावं तशा ताठ बसून राहिल्या. माझ्या स्प्रिंगा भरून आल्या. या क्षणासाठीच आपण जन्मलो, असं मला वाटलं.

मग युलाली म्हणाली, "आयसी."

"काय?"

"कडक आहे गं."

आयसिल्डानं जागच्या जागी थोडं हलून पाहिलं. "हो ना. मलाही आत्ताच कळतंय."

दुसऱ्या दिवशी नदीमनं पाटी बदलली: 'याच्यावर पाच माणसं बसली.' असं खरं बोलणारी पाटी त्या प्रदर्शनात एवढीच होती, असं मी अभिमानानं सांगतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझी विनंती एवढीच, की इतकी घेऊ नका. जी वस्तू पाहुण्यांसाठी आणली तिच्यावर पाहुणा बसू द्या. थकलेला असेल तर आधी बसू द्या, कोट मागाहून वाळत घाला. मखमल काही रडत नाही. ती इंग्लंडातल्या पावसातच विणलेली असते.

महिना संपला, मी घरी आलो. पुढच्या रविवारी आयसिल्डानं पुढच्या खोलीचं दार सताड उघडून ठेवलं. युलाली आली, दारात थांबली, "जेवलास का?" असं मला विचारलं, आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन आपल्या स्टुलावर बसली. तिच्या पाठीला ते बरं पडतं म्हणे.

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी नदीमनं स्टूल मागितलं आहे.